बर्ड फ्लू आणि आपलं घर : गच्चीपासून ओट्यापर्यंत काय करायचं

माझं माहेर नवापूरच्या बाजूचं, सासर जळगावचं. भारतात कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू असल्याचं सरकारनं पहिल्यांदा जाहीर केलं ते १८ फेब्रुवारी २००६ ला, आणि ते गाव होतं नवापूर. पुढच्याच महिन्यात तो जळगाव जिल्ह्यात सावदा, मारूळ, हातेड या गावांपर्यंत आला. २०२१ च्या फेब्रुवारीत पुन्हा नवापूरच. माझं सगळं गणगोत ज्या मुलखात आहे, त्याच मुलखानं हा रोग देशात सगळ्यांच्या आधी पाहिला.

२००६ चे ते दिवस मला नीट आठवतात. आमच्या गल्लीत घरोघरी चिकन बंद झालं. अंडी बंद झाली. कुणी कुणी अंडं घातलेला केकसुद्धा मुलांना देईना. आणि त्याच दिवसांत मैदानाच्या कडेला मेलेला कावळा दिसला की पोरं तो काठीनं उलटापालटा करत, कुणी पाय धरून उचलून दूर फेकी, आणि तशाच हातानं घरी येऊन जेवायला बसत. शिजलेल्या रश्शाची धास्ती आणि कच्च्या रक्ताची, विष्ठेची, मेलेल्या पक्ष्याची मात्र फिकीर नाही. आजही बातमी आली की घराघरांत हेच होतं. म्हणून हा लेख ताटापाशी थोडा आणि त्याआधीच्या सगळ्या पायऱ्यांपाशी जास्त थांबणार आहे.

आधी रोगाची चाल ओळखा

बर्ड फ्लू हा पक्ष्यांचा इन्फ्लुएन्झा. त्याचे अनेक प्रकार आहेत; एच५एन१ हा त्यातला सर्वांत घातक म्हणून ओळखला जातो. बदकं, पाणपक्षी यांच्या अंगात तो काही वेळा फारशी लक्षणं न दाखवता राहतो. कोंबड्यांमध्ये शिरला की दोन-तीन दिवसांत खुराडीच्या खुराडी रिकामी करतो. पक्ष्याची विष्ठा, नाकातोंडातला स्राव, रक्त आणि आतडी यांत विषाणू भरपूर असतो. हे सगळं हाताला लागून, तो हात डोळ्याला, नाकाला, तोंडाला गेला, किंवा सुकलेल्या विष्ठेची धूळ श्वासातून आत गेली, की माणसाला लागण होऊ शकते.

माणसाला तो सहजासहजी होत नाही, आणि एका माणसाकडून दुसऱ्याला तर फारच क्वचित. २००६ मध्ये नवापुरात इतक्या कोंबड्या मेल्या, इतक्या मारल्या, तरी एकाही माणसाला लागण झाल्याचं निष्पन्न झालं नाही. पण झाला तर हलका नसतो. २००३ पासून जगभरात एच५एन१ चे नऊशेहून अधिक मानवी रुग्ण नोंदले गेले आणि त्यातले निम्म्याच्या आसपास दगावले. आपल्या देशात जुलै २०२१ मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये हरियाणातला ११ वर्षांचा मुलगा यानं गेला. शक्यता कमी, पण गाठलं तर जिवावर बेतणारं. एवढं लक्षात ठेवलं की ना घबराट होते, ना हलगर्जीपणा.

आणखी एक गोष्ट आपल्या हवामानाची. थंडीत हा विषाणू जास्त टिकतो. फ्रीजएवढ्या थंडाव्यात, म्हणजे ४ अंशांना, तो विष्ठेत ३५ दिवस जिवंत राहिलेला आढळला आहे. ३७ अंशांना सहा दिवस. आपल्याकडचा वैशाख त्याला सोसवत नाही. पण पौष-माघात जळगावचा रात्रीचा पारा दहाच्या खाली जातो, त्याच सुमारास हतनूरच्या जलाशयावर, मेहरूण तलावावर पाहुणे पक्षी उतरलेले असतात. नवापूरच्या दोन्ही साथी फेब्रुवारीतल्या. म्हणून आमच्या घरी खालची बरीचशी तयारी डिसेंबरातच होते.

घरात आधीच काय आणून ठेवायचं

जास्त काही नाही. चांगले रबरी हातमोजे दोन जोड (पातळ, फाटके नकोत), तीन-चार एन-९५ मास्क, जाड काळ्या पिशव्या, ब्लीचिंग पावडरचं बंद पाकीट, आणि फक्त गच्चीसाठी वेगळी ठेवलेली जुनी चप्पल.

ब्लीचिंगचं पाणी कसं करायचं ते लिहूनच ठेवा. एक लिटर पाण्यात सुमारे ३० ग्रॅम पावडर, नीट ढवळायची, गाळ खाली बसू द्यायचा, वरचं पाणी वापरायचं. दर वेळी ताजं करायचं. पावडर उघडी पडून तिचा उग्र वास गेला असेल तर ती निकामी झाली, टाकून द्या. आणि एक धोका फार कमी जणांना ठाऊक असतो : संडास धुवायचं अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग एकत्र झालं की विषारी वायू सुटतो. बंद मोरीत तर कधीच नको.

गच्ची, टाकी आणि मेलेला पक्षी

गच्चीवर कबुतरं बसतात, कावळे येतात, उन्हाळ्यात आपण चिमण्यांसाठी पाण्याचं मातीचं भांडं ठेवतो. हे पुण्याचं काम बंद करा असं मी म्हणणार नाही. पण जवळपास बर्ड फ्लूची बातमी असेल तेवढे दिवस दाणे टाकणं थांबवा, कारण दाण्यांवर पक्षी दाटीनं जमतात आणि एकमेकांना रोग देतात. पाण्याचं भांडं ठेवत असाल तर ते दाराशी नको, कठड्याच्या कडेला ठेवा आणि रोज साबणानं घासा.

पाण्याच्या टाकीचं झाकण आजच वर जाऊन बघा. आमच्या भागात अर्ध्या टाक्यांची झाकणं उन्हानं तडकलेली असतात आणि वर वीट ठेवलेली असते. फटीतून विष्ठा आत जाते. नवं झाकण फार महाग नसतं.

वाळलेली विष्ठा कोरडी झाडू नका. मी स्वतः कित्येक वर्षं दर रविवारी खराट्यानं खसाखसा झाडत होते, नाकाला पदरही न लावता. ती धूळ थेट फुप्फुसात जाते. कबुतरांना बर्ड फ्लू तुलनेनं कमी होतो, पण त्यांच्या विष्ठेच्या धुळीनं फुप्फुसाचे दुसरे आजार होतातच. आधी साबणाचं किंवा ब्लीचिंगचं पाणी शिंपडा, दहा मिनिटं भिजू द्या, मग मास्क लावून ओलंच गोळा करा.

आता मेलेल्या पक्ष्याचं. संक्रांतीच्या आसपास मांजानं पक्षी मरतात, विजेच्या तारेला चिकटून कावळे पडतात. प्रत्येक मेलेला पक्षी बर्ड फ्लूचाच असतो असं नाही. पण घरी बसून तुम्हाला ते ओळखता येणार नाही, म्हणून वागायचं मात्र सगळ्यांशी एकच :

१. हात लावायचा नाही, काठीनंही हलवायचा नाही. पोरांना आणि मांजर-कुत्र्यांना खाली न्या. आमच्या आजीचं एक वाक्य इथे पुरतं : "पोऱ्या, हात लावू नको रे त्याले."

२. लांबूनच वर घमेलं किंवा बादली पालथी टाका, म्हणजे दुसरे कावळे टोचणार नाहीत.

३. दुरून फोटो काढा. आजूबाजूच्या गच्च्यांवर, झाडाखाली आणखी पडलेत का ते बघा. एकच मेलेलं कबूतर आणि दोन दिवसांत पडलेले पाच कावळे यांत फार फरक आहे.

४. एकाहून जास्त पक्षी असतील, किंवा एकच असून परिसरात साथ असेल, तर महापालिकेच्या आरोग्य विभागाला किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. पशुसंवर्धन विभागाचा १९६२ हा क्रमांक मोफत लागतो. त्यांना नमुना घ्यायचा असतो. आपण पक्षी फेकून दिला तर तपासणीच होत नाही. नमुने पुण्याच्या पश्चिम विभागीय रोग निदान प्रयोगशाळेत आणि तिथून भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत जातात.

५. कुणी येणार नाही असं सांगितलं आणि पक्षी एकटाच असेल, तर मास्क, हातमोजे घाला. पक्ष्यावर ब्लीचिंगचं पाणी ओता. पिशवीत हात घालून, पिशवीसकट पक्षी धरा आणि पिशवी उलटी करा, म्हणजे तो आपोआप आत जातो. गाठ मारा, दुसऱ्या पिशवीत टाका, तिचीही गाठ मारा. मोकळी जागा असेल तर हातभर खोल खड्डा करून, पिशवी उघडून पक्ष्यावर चुना किंवा ब्लीचिंग पावडर टाकून पुरा. जागा नसेल तर घंटागाडीवाल्याच्या हातात मुकाट्यानं देऊ नका. आत काय आहे ते त्याला सांगा. तोही कुणाच्या तरी घरचा माणूस आहे, आणि बहुतेक वेळा त्याच्या हातात मोजे नसतात.

६. जागेवर पुन्हा ब्लीचिंगचं पाणी, दहा मिनिटं. मग हातमोजे उलटे करत काढा, हात साबणानं धुवा, सगळ्यात शेवटी मास्क काढा, पुन्हा हात धुवा. कपडे वेगळे भिजवा.

चिकन सेंटरवर

जिवंत कोंबडी समोर कापून घ्यायची आपली पद्धत. ताजं मिळतं ही खात्री त्यामागे आहे आणि ती मला समजते. पण दुकानात सर्वांत धोक्याची जागा असते पिंजरा आणि पिसं काढायचं ड्रमसारखं यंत्र. ते फिरतं तेव्हा बारीक थेंब आणि पिसं हवेत उडतात. म्हणून सांगून, पैसे देऊन दहा पावलं लांब उभे राहा. कोंबडी हातात घेऊन वजन बघू नका, "ती नको, ती दे" करत पिंजऱ्यात वाकू नका. लहान मुलांना बरोबर नेऊच नका. त्यांना पिंजऱ्याच्या जाळीत बोटं घालायची भारी हौस.

घरून झाकणाचा स्टीलचा डबा न्या. पातळ पिशवीतून रक्त गळतं आणि ते भाजीच्या पिशवीत, गाडीच्या डिकीत, मेथीच्या जुडीवर जातं. दुकानदारानं नोटा परत दिल्या त्याच हातानं त्यानं कोंबडी धरलेली असते, तेव्हा घरी आल्या आल्या आधी हात, मग बाकी सगळं.

पिंजऱ्यातल्या कोंबड्या मरगळलेल्या, तुरे निळे-जांभळे पडलेले, डोकं सुजलेलं, मान वाकडी होत असलेली दिसली, तर तिथून निघा आणि १९६२ ला कळवा. ओळखीचा दुकानदार आहे म्हणून गप्प बसू नका. कळवण्यानं त्याचंच कुटुंब आधी वाचतं.

ओट्यावर : खरी लढाई इथली

घरातली कच्चं मांस हाताळणारी व्यक्ती बहुतेक वेळा एकच असते, आणि तिला मध्येच कुकरची शिट्टी, दाराची बेल, पोराचं नाक हे सगळं बघायचं असतं. म्हणून मी माझा क्रम ठरवून टाकला आहे आणि तो मोडत नाही.

कोशिंबीर, कांदा-लिंबू, कोथिंबीर, जे काही कच्चं खायचं ते आधी चिरून, झाकून, ओट्यावरून हलवते. वाटण आधी करून ठेवते. पाण्याचा माठ, दुधाचं पातेलं, पोळ्यांचा डबा बाजूला. मगच चिकनचा डबा उघडायचा. त्याची सुरी आणि पाट वेगळा. आमच्याकडे त्या सुरीच्या मुठीला लाल दोरा बांधलाय, त्यामुळे सासूबाईंच्या हातूनही चूक होत नाही.

आता धुण्याबद्दल. कच्चं चिकन नळाखाली धुऊ नये असं अन्नसुरक्षेचे जाणकार सांगतात, कारण धारेचे शिंतोडे हातभर लांब उडतात. आपल्या घरात न धुता मांस फोडणीत घालणं कुणाला पटणार नाही, हेही खरं. मी मधला मार्ग काढला : मोठ्या पातेल्यात आधीच पाणी भरून घ्यायचं, त्यात तुकडे अलगद सोडायचे, हातानं हलवायचे, पाणी सावकाश मोरीत ओतायचं. नळाची धार मांसावर नाही. नंतर मोरी, नळाची चावी, ओटा हे सगळं गरम पाणी आणि साबणानं. या विषाणूभोवती चरबीचं पातळ आवरण असतं आणि साबण ते फोडतो. महागड्या जंतुनाशकाची स्वयंपाकघरात गरज नाही, भांड्यांचा साबण पुरतो, फक्त घासलं पाहिजे. चिकनसाठी वापरलेलं फडकं लगेच उकळत्या पाण्यात.

हात धुताना २० सेकंद. नखांखाली, अंगठीखाली, बांगड्यांच्या मागे मनगटावर. आणि चिकनच्या हातानं मोबाइल उचलायचा नाही. फोन वाजला तर वाजू द्या.

हळद-मीठ लावून ठेवलं, दही लावलं, लिंबू पिळलं की "जंतू मरतात" असं अनेकींकडून ऐकलंय. चवीसाठी जरूर लावा. या विषाणूवर त्यांचा भरवसा धरू नका. आपला काळा मसाला कितीही झणझणीत असला तरी तिखटानं विषाणू मरत नाही. फ्रीजरमध्ये ठेवूनही मरत नाही, उलट टिकतो. त्याला मारते ती फक्त उष्णता : तुकड्याच्या अगदी मधोमध ७० अंश पोचले की तो संपतो. रटरट उकळणाऱ्या रश्शाचं तापमान शंभराच्या आसपास असतं, कुकरमध्ये त्याहून जास्त. म्हणून आपला खान्देशी रस्सा, वीस-पंचवीस मिनिटं शिजलेला, निर्धास्त खा. भाकरी चुरून, दोनदा मागून खा.

जपायचं ते भाजलेल्या-तळलेल्या प्रकारांत. शेतातल्या पार्टीत जाळावर भाजलेली तंगडी बाहेरून काळी आणि हाडाशी गुलाबी असते. घाईत तळलेल्या मोठ्या तुकड्यांचंही तेच. हाडाजवळ सुरी टोचून बघा : लालसर पाणी आलं, मांस हाडाला चिकटून राहिलं, तर परत आचेवर. चव बघायची घाई शिजण्याआधी करू नका, आणि कच्च्या तुकड्यांना लावलेला चमचा रश्शात फिरवू नका.

अंडी

लागण झालेल्या कोंबडीच्या अंड्यात, कवचावर आणि आतही, विषाणू असू शकतो. तेव्हा तडकलेली, विष्ठा लागलेली अंडी दुकानातच परत करा. घरी आणल्यावर वेगळ्या डब्यात, फ्रीजच्या खालच्या कप्प्यात. धुऊन ठेवू नका. ओल्या कवचातून घाण आत शिरते. फोडल्यावर हात धुवा, टरफलं ओट्यावर पडू देऊ नका.

खाताना पिवळा भाग घट्ट झालेला हवा. भुर्जी, पूर्ण उकडलेलं, दोन्ही बाजूंनी नीट भाजलेलं आम्लेट, सगळं चालतं. हाफ फ्राय साथीच्या दिवसांत नको. आणि जिमला जाणाऱ्या, आखाड्यात घुमणाऱ्या पोरांच्या आयांनो, दुधात कच्ची अंडी फोडून पिण्याची सवय त्यांच्याकडून कायमची सोडवा. तीच चार अंडी उकडून दिली तर ताकद कमी मिळत नाही, उलट अंग जास्त धरतं.

अंड्यांचे कागदी ट्रे घरात साठवू नका. डासांसाठी ते जाळायची पद्धत आहे, मुलांना कलाकुसरीला देण्याचीही. ते कुठल्या कुठल्या पोल्ट्रीत फिरून आलेले असतात.

गावाकडून येणारी गावरान कोंबडी

शहरातल्या घरात जिवंत पक्षी शिरतो तो बहुधा याच वाटेनं. माझी मावशी सातपुड्याच्या पायथ्याशी राहते. दर वेळी एसटीनं येताना पिशवीतून मान बाहेर काढलेली एक गावरान कोंबडी आणायचीच. जावयाला ब्रॉयलर घालणं तिच्या जिवावर येतं. २०२१ च्या त्या फेब्रुवारीत मी फोनवर म्हटलं, "मावशी, या खेपेला कोंबडी नको आणू. तू ये, चार दिवस राहा." ती दुखावली. म्हणाली, "चांगली शे ना कोंबडी! आजारी थोडी शे?"

अंगात विषाणू असलेली कोंबडी पहिल्या दिवशी अगदी धडधाकट दिसू शकते, हे तिला समजावायला वेळ लागला. भरलेल्या बसमध्ये ती कोंबडी तीन तास पन्नास माणसांत असते, घरी मोरीत बांधली जाते, पोरं तिला दाणे घालतात, मग तिथेच कापली जाते. बंद मोरीत गरम पाण्यात बुडवून पिसं ओढणं म्हणजे आपलं तोंड त्या वाफेत धरणं. साथ जवळपास असताना हे टाळाच. मावशीला मी म्हटलं, त्याऐवजी कळण्याचं पीठ आण आणि वाळवलेल्या मिरच्या आण. ती पुढच्या आठवड्यात दोन्ही घेऊन आली, आणि चार दिवसांऐवजी आठ दिवस राहिली.

याहून मोठी गोष्ट गावाकडच्या माणसांना फोन करून सांगायची आहे. कोंबडी मलूल झाली की "मरण्याआधी कापून टाकू, वाया कशाला घालवायची" हा विचार गरिबीतून येतो, मला त्याचा राग येत नाही. पण जगभरात जी माणसं या रोगानं दगावली, त्यांतल्या अनेकांनी आजारी किंवा मेलेली कोंबडी कापली होती, सोलली होती. खाणाऱ्याइतकीच, किंबहुना जास्त, कापणाऱ्याची जोखीम. आजारी कोंबडी कापायची नाही, शेजाऱ्याला द्यायची नाही, बाजारात स्वस्तात विकायची नाही, नदीत फेकायची नाही. कळवायची. सरकार जे पक्षी मारतं त्यांची भरपाई देतं. आधीच मेलेल्यांची मिळत नाही. म्हणजे लवकर कळवण्यात पैशाचाही फायदा आहे, हे त्यांना आवर्जून सांगा.

अंगणात चार कोंबड्या पाळल्या असतील तर

त्यांना वरूनही जाळी हवी, कावळे-बगळे आत यायला नकोत. दाणा-पाणी उघड्यावर ठेवू नका. खुराड्यात जाताना वेगळी चप्पल. नवी कोंबडी आणली तर तीन-चार आठवडे वेगळी ठेवा. माणसं झोपतात त्या खोलीत त्यांना थंडीसाठी आणू नका, त्यापेक्षा खुराड्याला पोती बांधा. आणि परिसरात साथ जाहीर झाली, पथक आलं, तर कोंबड्या माळ्यावर लपवू नका. बाधित जागेपासून एक किलोमीटरच्या आतले पाळीव पक्षी मारले जातात आणि दहा किलोमीटरपर्यंत पाहणी होते. पोरांनी नाव ठेवलेली कोंबडी देताना घरात रडारड होते, ती होऊ द्या.

मांजर आणि कुत्रा

२०२५ च्या सुरुवातीला नागपूरच्या गोरेवाड्यातल्या बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या एच५एन१ नं मेल्याचं समोर आलं. त्याच सुमारास मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात घरातल्या मांजरांमध्ये तो सापडला. छिंदवाडा म्हणजे आपल्याच सातपुड्याचं पूर्वेकडचं अंग. मांजरवर्गाला हा रोग जोरात होतो. तेव्हा चिकन सेंटरवरून आणलेली कच्ची कातडी, मुंडी, आतडी मनीला घालणं बंद. घालायचं तर उकडून. बाहेर भटकणारी मांजर मेलेला पक्षी तोंडात धरून आली तर ओढाओढ करू नका. मास्क, मोजे घालून पक्षी पिशवीत भरा. तिला पुढे ताप आला, तोंडातून लाळ गळू लागली, तोल जाऊ लागला, तर पशुवैद्याला पक्ष्याची गोष्ट आधी सांगा आणि तिला पोरांच्या अंथरुणातून बाहेर काढा.

दुधाचं थोडक्यात : २०२४ मध्ये अमेरिकेत दुभत्या गायींना एच५एन१ झाला आणि कच्च्या दुधात तो सापडला. आपल्याकडे दूध उकळूनच पितात. ती सवय सोडू नका, एवढंच.

घरातलं कुणी पोल्ट्रीत, दुकानात किंवा गाडीवर काम करत असेल तर

खबरदारीची सर्वांत जास्त गरज या घराला. कामाचे कपडे आणि बूट घरात आणायचे नाहीत. दाराबाहेर झाकणाची बादली ठेवा, कपडे त्यात साबणाच्या पाण्यात. आल्यावर डोक्यावरून अंघोळ, मगच लेकरू उचलायचं. हे लेकराला समजत नाही, ते दारातच धावत येतं, म्हणून त्या वेळेला घरातल्या दुसऱ्या कुणीतरी त्याला धरायचं. साध्या फ्लूची लस दर वर्षी घ्यावी. ती बर्ड फ्लूपासून वाचवत नाही, पण एकाच अंगात दोन्ही विषाणू एकत्र येऊन नवं रूप घेण्याची शक्यता कमी करते.

ताप आला तर

मेलेल्या किंवा आजारी पक्ष्याशी संबंध आला असेल, तर त्या दिवसाची तारीख कॅलेंडरवर लिहा आणि पुढचे दहा दिवस सकाळ-संध्याकाळ ताप मोजा. लक्षणं बहुधा दोन ते पाच दिवसांत दिसतात, काही वेळा उशिरानं, अगदी सतरा दिवसांपर्यंतही. ३८ अंशांच्या, म्हणजे १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप, खोकला, घसादुखी, अंगदुखी, डोळे लाल होऊन चिकटणं, काहींना जुलाब. धाप लागणं हे धोक्याचं चिन्ह. तिथे १०८ ला फोन करा, थांबू नका.

डॉक्टरांकडे गेल्यावर ताप-खोकला सांगण्याआधी हे वाक्य बोला : "मी अमुक तारखेला मेलेल्या पक्ष्याला हात लावला होता", किंवा "आमच्याकडे कोंबड्या मेल्यात". हिवाळ्यात ताप-खोकल्याचे शंभर रुग्ण समोर असतात, तुम्ही सांगितलं नाही तर डॉक्टरांच्या मनात ते येणार नाही. ओसेल्टामिवीर नावाचं औषध यावर दिलं जातं आणि लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ तासांत सुरू झालं तर त्याचा गुण जास्त येतो. ते स्वतःच्या मनानं दुकानातून आणून घ्यायचं नाही, आणि उरलेल्या गोळ्या शेजारणीला द्यायच्या नाहीत. घशातला-नाकातला नमुना पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेकडे पाठवावा लागू शकतो, म्हणून अशा वेळी जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जाणं सोयीचं.

निकाल येईपर्यंत रुग्णाला हवेशीर वेगळी खोली, मास्क, वेगळी भांडी-टॉवेल. एकानंच त्याची सेवा करायची, बाकीच्यांनी दाराबाहेरून विचारपूस. पाहुण्यांना फोनवरच सांगा की आत्ता येऊ नका.